इलियडची द्विभाषी आवृत्ती, आठ महिन्यांच्या वापरानंतर: उपमांसाठी घेत असाल तर आधी ओळ क्रमांक बघा

हे लिहायला निमित्त झालं एका स्वस्त ई-पुस्तकाचं. होमरच्या इलियडचं, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याचं, जुनं, स्वामित्वहक्क संपलेलं इंग्रजी भाषांतर, नव्या मुखपृष्ठात. उघडल्यावर कळलं की ओळ क्रमांक सगळेच्या सगळे उडवलेत. तक्रार केली तर उत्तर आलं: मजकूर पूर्ण आहे, पैसे परत मिळणार नाहीत. मजकूर पूर्ण आहे हे खरं. पण होमरच्या उपमा वाचायला ओळ क्रमांक नसलेलं पुस्तक म्हणजे सातबारा नसलेली जमीन. आहे, पण कुठून कुठपर्यंत ते सांगता येत नाही.

मुख्य वापर झाला तो लोब क्लासिकल लायब्ररीच्या दोन हिरव्या खंडांचा, क्रमांक १७० आणि १७१. डावीकडे ग्रीक, उजवीकडे ए. टी. मरे यांचं इंग्रजी गद्य, १९९९ साली विल्यम वायट यांनी सुधारलेलं. जोडीला लॅटिमोर (१९५१), फेगल्स (१९९०), विल्सन (२०२३) यांची इंग्रजी भाषांतरं आणि टफ्ट्स विद्यापीठाचं मोफत पर्सियस संकेतस्थळ. कथा सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. इथे फक्त उपमा आणि विशेषणं.

ओळ क्रमांकाचा एवढा आग्रह का, ते बाराव्या सर्गाच्या शेवटी कळतं. ग्रीकांच्या तटावर ग्रीक आणि ट्रोजन सैन्यं भिडली आहेत, मध्ये फक्त तटाचा कठडा. ओळ ४२१: जसे दोन माणसं सामाईक शेतात, हातात मोजपट्ट्या घेऊन, बांधाच्या खुणांवरून भांडतात, थोड्याशा जागेत, सारख्या वाट्यासाठी. हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बारा ओळी पुढे, ४३३ वर: जशी मोलमजुरी करणारी एक सचोटीची बाई तराजू धरते, एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर, दोन्ही समान करून उचलते, पोरांसाठी तुटपुंजी मजुरी मिळावी म्हणून. तशी लढाई समतोल ताणलेली. पुढे अठरा ओळींवर, ४५१ ला, देवांचा राजा झ्यूस याने पारडं झुकवल्यावर ट्रोजन वीर हेक्टर एक धोंडा उचलतो. गावातल्या दोन दणकट गड्यांना तो गाडीवर चढवायला जड गेला असता. हेक्टर तो असा नेतो, जसा मेंढपाळ मेंढ्याची कातरलेली लोकर एका हातात सहज नेतो, आणि तिचं ओझं त्याला फारसं जाणवत नाही.

आता तिन्ही एकत्र बघा. पहिल्या दोन उपमांना बांधणारा शब्द एकच, ‘इसोस’, म्हणजे समान. ४२३ ला समान वाटा, ४३५ ला पारडी समान करणारी बाई, ४३६ ला समान ताणलेली लढाई. आणि तराजूत काळजीपूर्वक तोललेली लोकर तिसऱ्या उपमेत परत येते, पण आता ती वजनाची वस्तूच राहिलेली नाही. समतोल संपला हे होमर लोकरीतून सांगतो. चौतीस ओळींत तीन उपमा आणि एकच धागा. अंतर मोजता आलं नाही तर हा धागा हाती लागत नाही. तीन सुट्या शोभेच्या वस्तू वाचल्यासारखं होतं आणि वाचक पुढे जातो.

म्हणून फेगल्सबद्दल माझी तक्रार आहे. भाषांतर जोरकस आहे, मोठ्याने वाचायला उत्तम. पण त्यांच्या ओळी मूळ ओळींपेक्षा वाढतात, समासात त्यांचे स्वतःचे क्रमांक चालतात, आणि ग्रीक क्रमांक पानाच्या माथ्यावर फक्त ‘इथून इथपर्यंत’ असे दिलेले. कोणी १२.४३३ (बारावा सर्ग, ओळ ४३३) असा संदर्भ दिला की पान सापडतं, ओळ शोधत बसावं लागतं. एकदा ठीक आहे. महिन्याला चाळीस-पन्नास उपमा ताडून बघायच्या असतील तर हा वेळेचा सरळ अपव्यय आहे. लॅटिमोर यांनी ओळीला ओळ राखली आहे, क्रमांक जवळजवळ तंतोतंत जुळतात. पहिले तीन महिने म्हणूनच माझं मत ठाम होतं: लॅटिमोर घ्या, लोबच्या दोन खंडांचे पैसे वाचवा, ग्रीक लागलं तर पर्सियसवर फुकट बघा.

तेराव्या सर्गात हे मत बदललं. ओळ ५८८. ट्रोजन हेलेनसचा बाण ग्रीक राजा मेनेलाओसच्या चिलखतावर आदळून उडतो, जसे मोठ्या खळ्यावर रुंद ‘प्तुओन’वरून काळ्या सालीच्या शेंगांचे दाणे किंवा हरभरे उडतात, वाऱ्याच्या झोताने आणि उपणणाऱ्याच्या झटक्याने. इंग्रजीत कुठल्याही भाषांतरात उपणण्याचा उल्लेख वाचला की आपल्या डोळ्यांसमोर सूप येतं, किंवा तिवईवर उभं राहून पाटीतून धान्य ओतणारा माणूस. दोन्ही चूक. प्तुओन म्हणजे लांब दांड्याचं रुंद लाकडी फावडं, त्याने मळलेलं धान्य वर भिरकावतात. सुपातून दाणा घरंगळतो, फावड्यावरून तो उसळतो, आणि बाणाला उसळीच हवी आहे. पडताळा होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत मिळतो. तिथे अकराव्या सर्गात द्रष्टा टायरेसियस नायक ओडिसियसला सांगतो की खांद्यावर वल्हं घेऊन समुद्रापासून इतका आत जा की वाटेत भेटलेला माणूस वल्ह्याला उपणण्याचं अवजार समजेल. शब्द तिथे वेगळा आहे, पण वल्ह्यासारखं दिसणारं अवजार म्हणजे दांड्याचं फावडंच. सूप खांद्यावर टाकून कोणी फिरत नाही.

असल्या ठिकाणी मूळ शब्द त्याच क्षणी समोर लागतो, टॅब बदलून नव्हे. लॅटिमोर एका हातात आणि पर्सियस दुसऱ्या हातात धरून हे जमतं, पण दर दोन मिनिटांनी धागा तुटतो. लोबमध्ये नजर फक्त डावीकडे न्यायची. गद्य कोरडं वाटायचं, तेच कामाचं निघालं: छंद सांभाळायचा नसल्यामुळे मरे-वायट शब्द गाळत नाहीत, उपमेतली जी वस्तू मुळात आहे ती उजवीकडे सापडतेच. जुन्या १९२४-२५ च्या छपाईतलं पुरातन वळणाचं इंग्रजी सुधारित आवृत्तीत काढलंय. फुकट मिळणारं मरे भाषांतर मात्र त्याच जुन्या इंग्रजीत आहे, हे डाउनलोड करण्याआधी लक्षात ठेवा.

वापरायची रीत अशी. दीर्घ उपमा अनेकदा ‘होस द होते’ने उघडते, म्हणजे ‘जसं जेव्हा’, आणि ‘होस’ने मिटते, म्हणजे ‘तसं’. दोन्ही होस एकाच अक्षरांचे. फरक फक्त आघाताच्या चिन्हाचा (ॲक्सेंटचा): ‘जसं’वर चिन्ह नाही, ‘तसं’वर आहे. मोबाइलच्या बारीक अक्षरांत ते दिसत नाही आणि उपमा कुठे संपली याचा घोटाळा होतो, म्हणून पर्सियस वापरताना अक्षर मोठं करूनच बसा. उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या होसखाली पेन्सिलीने रेघ मारा. मिटल्यानंतरचं पहिलं क्रियापद बघा: उपमा तिथे लढाईला टेकते. मग उपमेतलं असं काय आहे जे टेकत नाही, ते वेगळं लिहा. खरा माल बहुतेकदा तिथे असतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी या उपमांना ‘लांब शेपटीच्या’ म्हणून हिणवलं होतं. तराजूवाल्या बाईची पोरं ही तशी शेपटीच, लढाईला त्यांची काही गरज नाही. पण आत्ता तटाखाली मरणाऱ्यांच्या घरी काय चाललं असेल, ते त्या एका ओळीखेरीज तिथे कुठेच येत नाही.

क्रियापदांचा काळही बघा. कथा भूतकाळात चालते, पण उपमेच्या आत वर्तमानकाळ येतो, किंवा ‘नेहमी असंच होतं’ या अर्थाचा भूतकाळ, आणि बरोबर ‘ते’ हा छोटा ग्रीक निपात, म्हणजे अव्यय. मराठीत हे आपोआप जमतं: शेतकरी पाणी सोडतो, झाड पडतं, माश्या घोंगावतात. इंग्रजी भाषांतर वाचताना काळ सरमिसळ झाला असेल तर ग्रीक ताडून घ्या, कारण तो वर्तमानकाळ म्हणजे ट्रॉयबाहेरचं, अजून चालू असलेलं जग आहे.

मराठी वाचकाला इथे एक आयती सोय आहे, आणि ती कोणत्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलेली नसणार. जो कान ज्ञानेश्वरीच्या ‘जैसें… तैसें’वर तयार झाला आहे, त्याला ‘होस… होस’ परकं वाटत नाही: आधी पूर्ण चित्र, मग त्याचं लावणं. फरक असा की ज्ञानेश्वरीत एका सिद्धांतासाठी दृष्टांतावर दृष्टांत येतात, प्रत्येक एक-दोन ओव्यांचा. होमर सहसा एकच चित्र धरतो आणि त्यातच रमतो. दुसऱ्या सर्गात ४५५ पासून आग, पक्ष्यांचे थवे, दुधाच्या भांड्यांवरच्या माश्या, शेळ्या वेगळ्या करणारे गुराखी, कळपातला बैल अशी माळ लागते, पण तो अपवाद.

विशेषणांच्या बाबतीतही मत बदलावं लागलं. ‘शीघ्रपाद अकिलीस’ बसलेला असला तरी शीघ्रपाद, ओढून किनाऱ्यावर ठेवलेली जहाजंही ‘वेगवान’. अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी १९२८ च्या प्रबंधात दाखवलं की ही विशेषणं ओळीतल्या ठरावीक जागेत बसणारे तयार साचे आहेत, तोंडी रचणाऱ्या कवीच्या सोयीचे. यावरून ती वाचताना ओलांडून गेलं तरी चालेल असं वाटत होतं. एकविसाव्या सर्गात तसं चालत नाही. २५७ ते २६२: पाटाचं पाणी. एक माणूस गडद पाण्याच्या झऱ्यापासून रोपांकडे, बागेकडे पाट काढतो, हातात कुदळ, अडलेला गाळ बाजूला फेकत. पाणी सुटतं, तळाचे गोटे त्याखाली लोटत जातात, उताराला लागल्यावर ते ‘केलारुझेइ’, म्हणजे खळखळतं. हा शब्दच पाण्याच्या आवाजाचा आहे. आणि शेवटी ते वाट दाखवणाऱ्याच्याही पुढे निघून जातं. ज्याने दारं धरली आहेत त्याला हा क्षण ठाऊक आहे: बारं बदलायला जाईपर्यंत पाणी आधीच तिथे पोचलेलं असतं.

तशी खवळून पाठलाग करणारी स्कामांडर नदी अकिलीसला गाठते, ‘तो चपळ असूनही’. वीस सर्ग ज्याला साचा म्हणून शीघ्रपाद म्हटलं, त्याचा वेग पहिल्यांदा अपुरा पडतो, तोही बागेतल्या पाटाच्या चित्रात. विशेषणं गाळत वाचणाऱ्याला ही जागा लागत नाही. म्हणून विशेषणं बदलत नेणारं भाषांतर या कामाला घेऊ नये. विल्सन यांनी आपल्या ओडिसीत ‘गुलाबी बोटांची उषा’ ही ठरलेली ओळ मुद्दाम दर वेळी वेगळी केली आणि त्याची कारणंही दिली. सलग वाचायला ते ताजं वाटतं, पण पुनरावृत्ती मोजायला निरुपयोगी. कारण होमर पूर्ण उपमाही जशीच्या तशी परत वापरतो: दावं तोडून मैदानात उधळलेला घोडा ६.५०६ ला पॅरिससाठी आणि १५.२६३ ला हेक्टरसाठी. जहाजाच्या लाकडासाठी डोंगरात सुतारांनी तोडलेलं झाड १३.३८९ ला असिओससाठी आणि १६.४८२ ला सार्पेडॉनसाठी. खरेदीआधी या दोन जोड्या उघडून बघा. दोन्हीकडे शब्द सारखे असतील तर भाषांतर या कामाचं आहे.

लोबचे दोष. आकार खिशात मावणारा असल्यामुळे समास अरुंद, टिपणं लिहायला जागाच नाही, वेगळी वही लागते. टिपा फार थोड्या. कलाकुसरीच्या उपमांना त्या अपुऱ्या पडतात. ४.१४१ ला मेनेलाओसच्या मांडीवर रक्त उतरतं, जसं मेओनियाची किंवा कारियाची बाई घोड्याच्या गालपट्टीसाठी हस्तिदंत जांभळ्या-लाल रंगात रंगवते. कित्येक स्वारांना ती हवी असते, पण ती राजासाठी राखलेली असते. १७.३८९ ला पॅट्रोक्लसचं प्रेत दोन्हीकडून ओढलं जातं, जसं चरबी पाजलेलं बैलाचं कातडं गडी गोल उभे राहून ताणतात, ओल बाहेर येते आणि चरबी आत मुरते. अशा ठिकाणी कारागिरीची माहिती दुसरीकडून मिळवावी लागते.

ओडिसीचे दोन खंड (१०४, १०५) लगेच घेऊ नका. इलियडमध्ये दीर्घ उपमा दोनशेच्या आसपास, ओडिसीत चाळीसच्या आसपास, तेवढ्या पर्सियसवर भागतात. एक मात्र ग्रीकसकट वाचाच, ९.३८४ ते ३९४: सायक्लोप्स या एकडोळ्या राक्षसाच्या डोळ्यात तापलेला खुंटा फिरतो तो जहाजाच्या तुळईला चामडी पट्ट्याने भोक पाडावं तसा, आणि डोळा चरचरतो तो लोहाराने कुऱ्हाडीला पाणी देताना होणाऱ्या आवाजासारखा.

आणि पहिल्या सर्गापासून सुरुवात करू नका. तिथे दीर्घ उपमा नाहीच. रात्रीसारखा उतरणारा अपोलो देव आणि धुक्यासारखी वर येणारी समुद्रदेवी थेटिस, अशा दोन-तीन शब्दांच्या तुलना. बरेच जण तिथेच ‘उपमा कुठे आहेत’ म्हणून पुस्तक मिटतात. दुसरा खंड नंतर घेतला तरी चालेल. पहिला उघडा, शेवटच्या म्हणजे बाराव्या सर्गावर जा, ४२१ वर बोट ठेवा आणि ४५४ पर्यंत वाचा.