पद्मिनीचे मागचे ब्रेक आणि हब: कुडाळ एमआयडीसीकडच्या गॅरेजचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

गाडी ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. राहायला मालवणात, म्हणजे खारी हवा बारा महिने आणि गंजाला आमंत्रण लागत नाही. तक्रार अशी की ब्रेक मारला की मागचं डावं चाक कधी गचकन धरायचं, कधी नुसतंच फिरत राहायचं आणि गाडी उभी केली की चाकातून गिअर ऑइलचा जळका वास. आधीच्या एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही) लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बदलून दिले, परत तेलाने भिजले, परत बदलले, परत भिजले, आणि दरवेळी "जुनी गाडी आहे हो, एवढं चालायचंच" हे वर फुकट.

कुडाळच्या ह्या मेस्त्रींनी ड्रमला हात लावायच्या आधी गाडीखाली जाऊन डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, बघितला. लाल मातीने गच्च. मला म्हणाले, "लायनर कितीय बदला, तेल खयसून येता ता बघूक नको?" मुद्दा साधा आहे, गाडी चालून डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद म्हटल्यावर तिला बाहेर पडायला वाटच नाही, मग ती तेलाला एक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाकडे ढकलते आणि तेल तिथल्या रबरी सीलमधून थेट ब्रेकवर. सील कितीही भारी टाका, ब्रीदर तुंबलेला असला की लायनर भिजणारच. हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं राव.

ड्रम काढला तर आत तेल आणि लायनरच्या भुकटीचा काळा चिखल. तिथे एअरगन मारली नाही, पाण्याने भिजवून पुसून काढलं, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ छातीत गेलेली बरी नाही. बाकी गॅरेजमध्ये पोरं सर्रास हवा मारतात, तेव्हा हे बघून बरं वाटलं.

व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) रबरी बूट उलटं केलं तर पिस्टनभोवती तांबूस पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, कोकणात तर विचारूच नका, आणि मग सिलिंडर आतून गंजतो. डॉट ३ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ डिग्रीच्या खाली उकळायचं नाही असं स्टँडर्ड आहे, ओलावा मुरला की तोच आकडा १४० वर येतो, मग ब्रेक तापले की ऑइल उकळून वाफ होते, म्हणजे घाटात पेडल खाली जायचं ते ह्यामुळे. मेस्त्रींनी सिलिंडरमध्ये नख फिरवून दाखवलं, खड्डे हाताला लागत होते. अशात नुसतं रबर किट टाकलं की थोड्या दिवसांत परत गळती, म्हणून दोन्ही बाजूचे सिलिंडर नवेच. लायनर पण दोन्ही बाजूचे, ड्रम दोन्ही लेथवर एकाच मापाला.

हबचं काम मात्र बघण्यासारखं. एक्सल शाफ्टवर बेअरिंग आणि त्याला धरून ठेवणारी घट्ट कॉलर असते, ती सैल झाली तर शाफ्ट चाकासकट बाहेर यायला वेळ लागत नाही. जुनी कॉलर छिन्नीने फोडून काढली, परत वापरली नाही. नवं बेअरिंग प्रेसवर बसवलं, नवी कॉलर गरम करून शाफ्टवर सोडली आणि गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग सील, ९० नंबरचं गिअर ऑइल आणि शेवटी ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं), मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जातो तो) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

आता आंबोली घाट उतरताना पेडल वरच असतं आणि हँडब्रेक चढावर गाडी धरतो. लायनर कोरडे आहेत, पावसाळा काढून झाला तरी.

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत. "सोमवारी देतो" म्हणाले तर कुठल्या सोमवारी ते विचारून घ्या. सिलिंडर मुंबईहून ऑपेरा हाऊसच्या मार्केटमधून मागवले आणि त्यात गाडी नुसतीच उभी राहिली. बिल कागदावर मागितल्याशिवाय मिळत नाही. मजुरी मात्र वाजवी, पार्टचे पैसे दुकानाच्या पावतीप्रमाणेच लावले, जुने पार्ट पिशवीत भरून परत दिले.

गणपतीच्या आधी गाडी टाकू नका, तेव्हा मुंबईच्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते आणि पद्मिनी मागेच पडते. दुपारी जेवणाच्या वेळी शटर खाली, सकाळीच जा. आणि डेंटिंग पेंटिंगचं विचारू नका, ते करत नाहीत, विचारलं तर चिडतात.