मांजरांसाठी भिंतीवरच्या फळ्या: नऊ महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

डिसेंबरात बसवलेल्या फळ्यांनी ठाण्याचा पावसाळा काढला, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे. घरात दोन मांजरं. भुऱ्या साडेपाच किलोचा बोका. सोनी तीन किलोची, आठ वर्षांची, भित्री. भुऱ्या तिला सुखाने फिरू द्यायचा नाही, त्यामुळे ती दिवसच्या दिवस पलंगाखाली बसून असायची. तिला वरून जायला वाट हवी होती.

आधी ऑनलाइन एक तयार संच मागवला होता. सोबतचे स्क्रू आणि प्लग (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भिंतीतल्या भोकात घालतात ती नळी) आखूड, आणि आमच्या आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या. तिसऱ्या आठवड्यात भुऱ्याने उडी मारली आणि फळी प्लगसकट उपटून आली. त्याला लागलं नाही, पण महिनाभर तो त्या भिंतीकडे फिरकला नाही. फळी किती जाड हा प्रश्न नंतरचा, आधी भिंत कसली आहे ते बघा.

भोक पाडताना पडणारी भुकटी सगळं सांगते. लाल असेल तर वीट. तिथे लांब प्लग छान धरतो. ड्रिल अडत असेल आणि करडी पूड येत असेल तर काँक्रीट; तिथे लोखंडी अँकर बोल्ट. पांढुरकी भुकटी भसाभस पडली तर एएसी ब्लॉक. इथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंदच ठेवायचा, नाहीतर भोक मोठं होतं. फुगणारा लोखंडी अँकर तर ब्लॉकच आतून चुरतो. आम्ही खालच्या फळ्यांना एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग वापरले. सर्वांत वरच्या फळीसाठी चार इंची भिंतीत आरपार भोकं पाडली आणि पलीकडे बेडरूममध्ये लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळले.

सुतारदादा म्हणाले, "ताई, मांजरच तर आहे, एवढं कशाला?" पण बसलेल्या मांजराचा भार वेगळा आणि पुढच्या कडेवर पडलेल्या उडीचा वेगळा. ती उडी ब्रॅकेटचा (फळीखालच्या एल आकाराच्या आधाराचा) वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढते. म्हणून ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीवर घ्या.

फळ्या १८ मिमी मरीन प्लायच्या, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघून घेतलेल्या, २८ सेंमी रुंद. पावसाळ्यात एकही फुगली नाही. दोन फळ्यांत उंचीचं अंतर आधी ४५ सेंमी ठेवलं, ती माझी चूक. सोनी चढली, पण उतरता येईना म्हणून वर बसून रडायची. मांजराची नखं मागे वळलेली असतात, चढायला उपयोगी, उतरायला नाही. मध्ये फळ्या वाढवून अंतर ३० वर आणलं. दोन्ही टोकांना उतरायची वाट ठेवली, म्हणजे भुऱ्या तिला कोपऱ्यात गाठू शकत नाही. पंख्याची पाती जिथवर फिरतात तिथून फळ्या चांगल्या लांब ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आत वायर असते.

गालिचाचे तुकडे चिकटवले होते, त्यांना जुलैत बुरशी आली. आता सतरंजीचे तुकडे वेल्क्रोने लावते, ते काढून धुता येतात. मे महिन्यात दोन बोल्ट सैल निघाले, तेव्हापासून दर महिन्याला हात लावून बघते.

सोनी पलंगाखाली गेल्याचं एप्रिलनंतर पाहिलेलं नाही. सकाळी ऊन आलं की ती वरच्या फळीवर पसरते, भुऱ्या त्याच्या खालच्या फळीवर झोपतो. तिची शेपटी त्याच्या डोक्यावर लोंबत असते, पण तो काही करत नाही.