हॉपफिल्ड, विलशॉ की नवा हॉपफिल्ड: प्रोजेक्टला कुठला घ्यायचा?

भाचीचं फायनल इयर, प्रोजेक्ट ‘आठवणाऱ्या’ नेटवर्कवर, आणि इंदूरच्या छप्पन दुकानला पोहे खाता खाता विचारते की मामा, कुठलं मॉडेल घेऊ. म्हटलं, जीरावनचा, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याचा, नुसता वास आला तरी तुला इंदूरची आख्खी सकाळ आठवते ना, तेच मशीनकडून करून घ्यायचंय, अर्धवट द्यायचं आणि पूर्ण परत मिळवायचं.

१९८२ चा हॉपफिल्ड, म्हणजे जॉन हॉपफिल्डचं आठवणारं नेटवर्क, मी स्वतः करून पाहिलाय. १०×१० चे देवनागरी अंक, म्हणजे दर पिक्सेलला एक असे १०० न्यूरॉन. हेबचा नियम, जे न्यूरॉन सोबत पेटतात त्यांच्यातली जोडी (दुवा) घट्ट. कागदावर क्षमता न्यूरॉनच्या ०.१३८ पट, म्हणजे तेरा-चौदा चित्रं, मला तर दहाच हवी होती! पण तो हिशोब एकमेकांशी संबंध नसलेल्या चित्रांचा आहे, इथे १ आणि ९ सख्खे भाऊ, त्यामुळे दोघांच्या मधलंच एक भूत यायचं, कधी ५ दिला तर काळ्याचं पांढरं होऊन उलटा ५. हेबऐवजी स्यूडो-इन्व्हर्स नियम (चित्रांमधलं साम्य वजा करून जोड्या ठरवणारा) लावला की भावांचं भांडण बरंचसं मिटतं, पण मग प्रत्येक जोडी ठरवायला सगळ्या नेटवर्कची खबर लागते, मेंदूत असं कुठे होतं?

मेंदूच्या जवळचं हवं तर १९६९ चा विलशॉ, हेही आठवणारंच नेटवर्क. जोडी एकतर ० नाहीतर १, एकदा लागली की लागली. एका वेळी मोजकेच न्यूरॉन पेटत असतील तर एका जोडीत ०.६९ बिटपर्यंत माहिती मावते, हॉपफिल्डपेक्षा कितीतरी जास्त. पण अंकात शंभरातले तीसेक पिक्सेल काळे, सात-आठ चित्रांतच निम्म्या जोड्या भरतात आणि मग त्याला सगळंच ओळखीचं वाटायला लागतं.

तिसरा नवा हॉपफिल्ड, २०१६ नंतरचा. क्षमता प्रचंड, बहुतेक वेळा एका फेरीत उत्तर, आणि २०२० मध्ये दाखवलं गेलं की हे गणित ट्रान्सफॉर्मरच्या (आजच्या चॅटबॉटमागच्या नेटवर्कच्या) अटेन्शनचंच, म्हणजे कुठे लक्ष द्यायचं ते ठरवणाऱ्या भागाचंच, आहे. पण तो चित्रं जशीच्या तशी जवळ ठेवतो, मला तर हा रट्टाच वाटतो.

कामच काढायचं असेल तर नवा घे. पण तुला व्हायवात उभं राहून समजवायचंय ना, मग जुना हॉपफिल्डच घे बाई, त्याची भुतंच दोन चॅप्टर भरतील. फक्त न्यूरॉन एकेक करून अपडेट कर, सगळे एकदम केले की चित्र दोन रूपांमध्ये टिकटिक करत बसू शकतं, मी अर्धी रात्र त्यातच बग शोधत होतो.