टीव्ही, मणीमाळ आणि जुना मोबाईल: तिसरी-चौथीच्या वर्गातले दहा महिने

गेल्या जूनमध्ये गावाने वर्गणी काढून आमच्या शाळेला ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही घेतला. शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मुलं २३. टीव्हीला हार घातला, नारळ फुटला, फोटो ग्रुपवर गेले. आता मार्च संपत आलाय, तेव्हा खरं काय ते लिहिते.

पहिले दोन महिने टीव्ही जवळजवळ शोभेचाच होता. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि असली तरी आमच्या खोलीवर पत्रे. श्रावणसरींचा ताशा सुरू झाला की स्पीकर कितीही वाढवा, मुलांना फक्त हलणारी तोंडं दिसतात. एकदा व्होल्टेज एवढं वर-खाली झालं की मी घाबरून प्लगच काढला. मग स्टॅबिलायझर घेतला, स्वतःच्या पैशाने. दिवाळीच्या सुट्टीत उंदराने वायर कुरतडली ती वेगळीच. टीव्ही घेणाऱ्यांनी स्टॅबिलायझर आणि भिंतीत उंचावर पॉइंट याचे पैसे आधीच धरावेत.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या अ‍ॅपवर स्कॅन करून व्हिडिओ दाखवायचे, तर शाळेत रेंज नाही. मी घरी वायफायवर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवते. एरवी पेनड्राइव्ह. त्यात एक गोष्ट कळायला मला आठवडा लागला: पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जातच नाही. मी उगाच पेनड्राइव्ह बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडून आले.

टीव्हीचं चीज झालं ते चौथीच्या इतिहासाला. गड वरून कसा दिसतो हे मी फळ्यावर किती वर्षं काढत होते! माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालची गडाची सपाट सोंड, म्हटलं की मुलं मान डोलवायची, पण डोळे रिकामे. राजगडाचं वरून घेतलेलं चित्रण लावलं. मधला उंच बालेकिल्ला आणि त्यातून फुटलेल्या तीन माच्या दिसल्या, तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पंख्यावानी!" पुढे काही सांगावंच लागलं नाही. समुद्र न पाहिलेल्या मुलांना भरती-ओहोटीही अशीच पोचली.

कवितांचे व्हिडिओ मात्र मी बंद केले. चाल पाठ होते, हातवारे पाठ होतात, आणि पुस्तक उघडून बोट ठेवायला सांगितलं की तीच मुलं गप्प.

गणिताचंही तेच. संख्यांचं सुंदर अ‍ॅनिमेशन महिनाभर दाखवलं, तरी "एकोणपन्नास लिहा" म्हटलं की अर्ध्या वर्गाच्या पाटीवर ५९. त्यांचंही चुकत नाही, कानावर 'पन्नास' पडतं ना! २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा चॅनेलवाल्यांनी केवढा गदारोळ केला होता. वर्गात उभं राहिलेल्या माणसाला जुन्या नावांतली अडचण लगेच कळते.

शेवटी कपाटातली गणितपेटी काढली. तिच्यात शंभर मण्यांची माळ आहे, दहा लाल, दहा पांढरे अशी. दोन खुंट्यांना बांधली आणि पन्नासाव्या मण्यानंतर कपड्याचा चिमटा लावला. "आता एक मणी उणा करा." एका मुलीने चिमटा एक घर मागे सरकवला. "किती राहिले?" सगळ्यांनी मोजले. मग सांगितलं, ऊन म्हणजे कमी. एक ऊन पन्नास, एकोणपन्नास. त्या दिवशी त्यांनी एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत स्वतःच चिमटे फिरवले. आणि तीच मुलगी विचारते, "मग बाई, नव्याण्णवला एकोणशंभर का नाय म्हणत?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजूनही वर्गात ९९ ला दोन्ही नावं चालतात.

तिसरी वस्तू म्हणजे माझा जुना, काचेला तडा गेलेला मोबाईल. सिम नाही, नेट नाही, फक्त रेकॉर्डर. रोज चार मुलं व्हरांड्यात जाऊन एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड करतात आणि लगेच ऐकतात. पहिल्यांदा ऐकताना सगळी लाजली. एक जण तर म्हणाला, "ह्यो मी न्हाई." पण तोच तीन दिवसांनी म्हणाला, "बाई, मी पूर्णविरामाला थांबतच नाय." हे मी त्याला वर्षभर सांगत होते. आता आवडलं नाही तर पुन्हा वाचायची मुभा आहे, आणि काही जण एकच परिच्छेद पाच-पाचदा वाचतात. जुलैत अक्षर जुळवत वाचणारी सहा मुलं होती, त्यातली चार आता सलग वाचतात. सगळं श्रेय मोबाईलला देत नाही, वयही वाढलंय त्यांचं.

वर्गभेटीला साहेब आले की टीव्ही चालू लागतो. व्हरांड्यात मोबाईल कानाला लावून बसलेल्या पोराचा फोटो अहवालात शोभत नाही.

पुढच्या वर्षी प्रोजेक्टरसाठी पुन्हा वर्गणी काढायचं घाटतंय. मी सरपंचांना सांगितलंय, भाऊ, प्रोजेक्टर राहू द्या, आधी पत्र्याखाली सिलिंग मारून द्या. आणि जमलं तर मणीमाळा आणखी पाच. आहे त्या एकीच्या दोऱ्याला आता गाठी मारून मारून मणी ९७ च उरलेत.