‘दुसरा नग नाही’ म्हणून विकलेलं तिकीट

छपाईची चूक असलेली टपाल तिकिटं गोळा करणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. ज्याने मला फसवलं तो विक्रेता आजही त्याच पद्धतीने विकतो आहे.

माझ्याकडे त्याने खपवलेलं तिकीट फुलांचं, बहुरंगी. त्यातला पिवळा रंग छापायचाच राहून गेला, असा त्याचा दावा. पिवळा नसल्यामुळे हिरवी पानं निळी दिसत होती, आणि बघताक्षणी ते पटण्यासारखं होतं. "असा दुसरा नग कुठेही नोंदलेला नाही," हे वाक्य त्याने जाहिरातीत, मेसेजमध्ये आणि फोनवरही म्हटलं. लिलावात आणखी दोघं सुरुवातीपासून अटीतटीने बोली वाढवत होते. ते पाहून भाव खरा वाटतो, आणि बोली चढवणारी माणसं नेमकी त्यासाठीच बसवलेली असतात. ती दोन्ही खाती त्याच्याच गोटातली निघाली. नंतर त्याच्या प्रत्येक लिलावात तीच दोन नावं, आणि जिंकत मात्र कधीच नाहीत.

या छंदात नुसतं दुर्मिळ असून भागत नाही, मागणारेही लागतात. १८४० सालच्या पेनी ब्लॅकची जवळपास ६ कोटी ८० लाख तिकिटं छापली गेली, म्हणजे ते काही दुर्मिळ नव्हे. पण जगातलं पहिलं टपाल तिकीट प्रत्येकाला हवं असतं, म्हणून चांगल्या प्रतीला आजही भाव आहे. छपाईच्या चुकीचं गणित याहून नाजूक. १९१८ सालचं अमेरिकेचं उलट्या विमानाचं तिकीट लाखमोलाचं झालं, कारण शंभर तिकिटांची एकच शीट बाहेर आली. १९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ काढलेल्या तिकिटावर पिवळा रंग उलटा छापला गेला, तेव्हा अमेरिकी टपाल खात्याने मुद्दाम तीच चूक पुन्हा छापली, सुमारे ४ कोटी नग. ज्यांच्या हाती मूळ चुकीची शीट लागली होती, त्यांच्या नशिबाची किंमत तिथेच संपली. म्हणजे असल्या तिकिटाचा सगळा भाव ‘आणखी नग निघणार नाही’ या एका भरवशावर उभा असतो. माझ्या विक्रेत्याने मला तो भरवसाच विकला.

काही आठवड्यांनी त्याने तसंच दुसरं तिकीट काढलं. मग तिसरं. तेव्हा मी माझं तिकीट एका जुन्या, जाणत्या संग्राहकाकडे नेलं. त्यांनी ते चिमट्याने उचलून जास्त ताकदीच्या भिंगाखाली धरलं आणि मला बघायला लावलं. पानाच्या कडेला, निळ्याच्या आत, पिवळ्याचे बारीक ठिपके होते, अगदी फिकट. म्हणजे रंग छापला गेला होता आणि नंतर उडवला होता. काही शाया उन्हाने उडतात, काही रसायनाने. जाणकार अशा तिकिटाला छपाईची चूक मानतच नाहीत. पिवळ्याचा एक ठिपका जरी सापडला तरी ‘रंग गायब’ हा दावा तिथेच कोसळतो. मागचा डिंकही एका कोपऱ्यात निस्तेज झाला होता. जाहिरातीत मागच्या बाजूचा फोटो नव्हताच.

सोबतचं प्रमाणपत्र म्हणजे छान छापलेला कागद. सही कुणाची हे कळत नाही आणि तिकिटाचा फोटो इतका धूसर की कडेचे दाते जुळवून बघता येत नाहीत. खऱ्या प्रमाणपत्रावरचा फोटो नेमका त्याच तिकिटाचा असतो. दाते आणि शिक्का ताडून पाहता येतात. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थांची तज्ज्ञ समिती तपासून मत देते. त्याला वेळ लागतो आणि पैसेही, पण महाग नगासाठी तो खर्च करावाच.

गायब रंगाचा नग घेताना शेजारचं नीट छापलेलं तिकीट जोडलेली पट्टी मिळते का ते आधी विचारा. रंग कुठे संपला ते तिथे दिसतं, आणि रसायनाने तशी पट्टी बनवणं फार कठीण. ‘तज्ज्ञांचं मत विरुद्ध आलं तर पैसे परत’ हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. माझ्याकडे तसं लेखी नव्हतं, आणि "प्रमाणपत्र दिलंय" एवढं एकच उत्तर देऊन त्याने फोन उचलणं बंद केलं. तक्रारीनंतर त्याचं खातं बंद झालं, पण तो नव्या नावाने परत आला आहे. सध्या त्याच्याकडे लाल रंग गायब असलेलं तिकीट लिलावाला लागलंय. बोली लावणारी ती दोन नावं तिथेही आहेत, आणि मागच्या बाजूचा फोटो याही वेळी नाही.