स्टीलची जुनी रोडबाइक घेताय? आधी सीटपोस्ट उपसून बघा

ती सायकल पुन्हा विक्रीला लागली आहे, म्हणून हे लिहायला बसले. बॉटल ग्रीन रंग, ५४ सेंटिमीटरची फ्रेम, हँडलला तपकिरी टेप. फोटोसुद्धा तेच, जे मी ती विकत घेतली तेव्हा मला पाठवले होते. तेव्हा सीटखालच्या नळीवर 'रेनॉल्ड्स ५३१' असा स्टिकर होता, आता 'कोलंबस', म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या नळीचा, आहे. नळी तीच, गोत्र तेवढं बदललं. विकणाऱ्याचं नाव मी लिहू शकत नाही, कारण पैसे परत देताना त्याने तीच अट घातली होती. सायकलचं वर्णन करणार नाही, असं मात्र मी कुठे लिहून दिलेलं नाही.

मला काय हवं होतं ते आधी सांगते, कारण सगळा खेळ त्याभोवतीच झाला. रविवारी आमचा गट खडकवासला, पानशेत, कधी पाबे घाटातून वेल्हे असा जातो. रस्ता म्हणाल तर दोन किलोमीटर गुळगुळीत डांबर, मग सिमेंटचा तुकडा, मग रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेली खडी, आणि गावात शिरलं की मुरूम. कार्बनच्या रोडबाइकवर २५ मिलिमीटरचे टायर घालून हे करणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार. मला वाकड्या हँडलची, स्टीलची, ३५ चा टायर आणि वर मडगार्ड मावेल अशी सायकल हवी होती. नव्यात अशी क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या स्टीलची सायकल आपल्याकडे फारशी मिळत नाही आणि मिळाली तर किंमत डोळे पांढरे करते. मग माणूस जुन्या बाजाराकडे वळतो, आणि तिथे ही मंडळी वाट बघत बसलेली असतात.

हा गृहस्थ जुन्या सायकली घेऊन, 'रिस्टोअर' करून विकतो. गॅरेजला स्टुडिओ म्हणतो. भिंतीवर जुन्या शर्यतींची पोस्टर, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. मी फोनवर दोनच प्रश्न विचारले होते: नळी कुठली, आणि टायर किती मोठा बसेल? उत्तर लेखी आलं होतं: 'जेन्युइन ५३१ आहे ताई. ३८ आरामात.' किंमत बावन्न हजार.

तिथे गेल्यावर त्याने आधी लोहचुंबक काढला. फ्रेमला लावला, टक्कन चिकटला. "बघा, प्युअर स्टील." मग नखाने वरच्या नळीवर टिचकी मारली. "हा आवाज ऐका. घंटा आहे घंटा." मग स्टिकर दाखवला, मग म्हणाला, "उचलून बघा ना ताई." उचलली, बऱ्यापैकी हलकी वाटली. सोसायटीच्या आतल्या पेव्हर ब्लॉकवर एक चक्कर मारली, छान पळाली. सीटचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, जरा वर करायला पाना मागितला, तर म्हणाला, "पोस्ट आत्ताच ग्रीस लावून सेट केलंय, कोरडं होऊ दे, मग हलवा." ग्रीस कोरडं होतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि संध्याकाळी कुणीतरी कोथरूडहून हीच सायकल बघायला येणार असल्याचं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलणं झालं.

आता या करामती एकेक करून घेऊ.

लोहचुंबक कुठल्याही लोखंडी फ्रेमला चिकटतो. दूधवाल्याच्या सायकलीलाही चिकटेल. त्यातून फ्रेम अॅल्युमिनियमची किंवा कार्बनची नाही एवढंच कळतं, आणि ते तर कुणी विचारलंच नव्हतं. प्रश्न कुठलं स्टील हा असतो. साध्या हाय-टेन्साइल स्टीलचा आणि उत्तम मिश्रधातूचा कडकपणा जवळजवळ सारखाच असतो, फरक ताकदीत असतो. चांगलं स्टील जास्त ताण सोसतं, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते. तीही सगळीकडे सारखी नाही: सांध्यापाशी जाड, मध्ये पातळ. याला बटिंग म्हणतात. ०.८ मिलिमीटर, मध्ये ०.५, पुन्हा ०.८ अशी मापं असतात. सायकल हलकी होते ती यामुळे, आणि पैसे मोजायचे तेही याचेच. साध्या स्टीलची भिंत सगळीकडे जाड ठेवावी लागते.

टिचकीच्या आवाजावर मी बोलणारच नाही. आवाज नळीच्या लांबीवर, रंगाच्या थरावर आणि कानात कुणी काय भरवलंय त्यावर ठरतो.

स्टिकरचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने ५३१ ही नळी १९३५ मध्ये बाजारात आणली, मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील. पुढची कित्येक दशकं उत्तम रोडबाइक म्हणजे ५३१ असं समीकरण होतं, त्यामुळे आजही तो हिरवा-सोनेरी स्टिकर पाहून भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो. पण जुन्या सायकली प्रामाणिकपणे दुरुस्त करणाऱ्यांसाठी या स्टिकरच्या हुबेहूब नकला राजरोस विकत मिळतात, काही शे रुपयांत. नवा रंग दिलेल्या फ्रेमवर नवा स्टिकर असेल तर तो पुरावा नाही, सजावट आहे.

एक गोष्ट मात्र स्टिकरवाल्यालाही बदलता येत नाही. ५३१ ची नळी वेल्डिंगच्या उष्णतेला मानवत नाही, म्हणून तिच्या फ्रेम ब्रेझिंगने, म्हणजे पितळ किंवा चांदी वितळवून सांध्यात भरून, जोडत, बहुतेक वेळा सांध्यावर लग नावाची बाही घालून. माझ्या सायकलीला लग नव्हते, सांधे अगदी गुळगुळीत होते. मी विचारलं, तर "फिलेट ब्रेझिंग आहे, हाताने घासलेलं, असं काम आता कोण करतं?" खरं फिलेट ब्रेझिंग, म्हणजे लग न घालता केलेलं ब्रेझिंग, असंच गुळगुळीत दिसतं, त्यामुळे उत्तर तयार होतं आणि पटण्यासारखं होतं.

सायकल घरी आली. पहिला पाऊस पडून रस्ते आणखी बिघडले तेव्हा टायर बदलायला मी पेठेतल्या आमच्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेले. ३५ चा टायर नेला होता. काकांनी मागचं चाक काढलं, टायर चढवला, आणि चाक आत जाईचना. वर ब्रेकला घासत होतं, खाली चेनच्या बाजूच्या नळ्यांना. ब्रेक आखूड पोहोचीचे, साध्या शर्यतीच्या सायकलीचे. त्यांच्याखाली २८ च्या पुढे काही जाणं कठीण. "ब्रेक लांब लावले तरी इथे काय करशील?" म्हणत काकांनी खालच्या नळीवर बोट ठेवलं. डाव्या नळीला आतून पोचा पाडलेला होता, शिकंज्यात धरून दाबल्यासारखा. उजवीकडे तसाच, पण त्याच्या निम्मा. म्हणजे टायर बसत नाही हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, त्याने प्रयत्न करून पाहिला होता.

खडी-मुरूम करायचं तर टायर नुसता आत जाऊन चालत नाही. दोन्ही बाजूंना आणि वर चार-पाच मिलिमीटर मोकळे लागतात, नाहीतर पावसाळ्यात आपली माती तिथे लिंपून बसते आणि चाक जाम होतं. मडगार्ड हवं असेल तर आणखी जागा. आणि स्टीलची फ्रेम धक्के गिळते वगैरे जे म्हणतात त्यातला मोठा वाटा, माझ्या मते, टायरच्या रुंदीचा आणि त्यातल्या हवेचा असतो. म्हणून टायरच्या जागेवर तडजोड करून 'स्टील आहे ना' असं समाधान मानू नये.

मग काकांनी सीटपोस्ट उपसलं. ग्रीसबिस काही नव्हतं, चक्क कोरडं होतं. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला: २५.४ मिलिमीटर. त्यांनी काही न बोलता बाहेरची नळी मोजली: २८.६. वजाबाकी तुम्हीच करा. दोन्ही बाजू मिळून ३.२, म्हणजे भिंत १.६ मिलिमीटर जाड. ५३१ च्या बहुतेक चांगल्या फ्रेममध्ये याच बाहेरच्या मापाला २६.८ ते २७.२ चं पोस्ट लागतं. "ही पाइपलाइन आहे ग पोरी," काका म्हणाले. उलट २७.२ निघालं म्हणून फ्रेम अस्सल ठरत नाही, पण २५.४ निघाल्यावर ५३१ चं नाव घ्यायचं कारण उरत नाही. पोस्ट हलवू न देण्याचं कोडंही तिथेच सुटलं.

सामानाच्या वजनकाट्याला टांगली तर १३.८ किलो. मला सांगितले होते साडेदहा. आणि दुकानात हलकी कशी वाटली? फोटो मोठे करून पाहिले तेव्हा कळलं. दाखवताना वेगळी, हलकी चाकं होती, घरी आली ती वेगळी. रिमचे स्टिकर जुळत नव्हते.

हे सगळं पैशाचं झालं. खरा राग त्यापुढच्या गोष्टीचा आहे. डाउन ट्यूब, म्हणजे खाली पेडलकडे येणारी तिरकी नळी, जिथे हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला मिळते, तिथे खालच्या बाजूला रंगात केसाएवढी चीर दिसत होती. काकांनी पात्याने खरवडलं. पावडर कोटिंगचा हिरवा पापुद्रा निघाला, त्याखाली लांबी, मोटारीच्या पोच्यात भरतात तीच पुट्टी, आणि तिच्याखाली वेल्डिंगचे सरळसोट टाके. फिलेट ब्रेझिंग म्हणजे हे. सांध्याच्या बोटभर मागे नळीच्या तळाला आडवी वळी पडलेली. पुढून जोरात धडकलेल्या सायकलीला नेमकी तिथेच पडते ती. अशा फ्रेमवर कुणी घाटातून उतरणार आहे हे माहीत असताना त्या वळीवर लांबी थापली, हे मला फसवणुकीपेक्षा वरचं वाटतं. जुनी फ्रेम बघताना त्या जागेवरून, वरून नव्हे तर खालून, बोट फिरवाच. ताज्या पावडर कोटिंगच्या फ्रेमला तर दुप्पट संशयाने हात लावा, आणि विकणाऱ्याकडे रंग काढलेल्या अवस्थेतले फोटो मागा. ज्याने खरोखर काम केलंय तो ते फोटो कौतुकाने दाखवतो.

एक दोराही सोबत ठेवा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. सारखं आलं पाहिजे. जुन्या फ्रेममध्ये मागे, दोन ड्रॉपआउटच्या मध्ये, १२६ मिलिमीटर जागा असते आणि नंतरचे हब, म्हणजे चाकाचे मधले भाग, १३० चे. स्टील नीट वाकवून ते बसवता येतं, त्यात गैर काही नाही. माझ्यात ते एकाच बाजूने रेटलेलं होतं.

हाय-टेन्साइल स्टीलची सायकल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. धडकलेली नसेल, टायर बसत असेल, तर बारा-पंधरा हजारांत मीही घेईन आणि आनंदाने पानशेतला जाईन. बावन्न हजार मोजले ते नळीचे होते.

पैसे परत मागितले तर सुरुवातीला 'आम्हालाही तशीच मिळाली', मग 'तुमच्या मिस्त्रीला काय कळतं', मग फोनच बंद. बिल काढून पाहिलं, त्यावर लिहिलेलं: 'जुनी सायकल, १ नग'. नळी नाही, फ्रेम नंबर नाही. मला वाचवलं ते त्याच्याच लेखी मेसेजने. त्यात ५३१ होतं आणि ३८ होतं. काकांनी मापं घेताना काढलेले व्हर्निअरचे फोटो जोडले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्याला नोटीस पाठवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे सगळं नोटिशीत घातलं होतं. मात्र हे धंदा करणाऱ्याविरुद्धच चालतं. शेजारच्या घरातून कुणी आपली स्वतःची सायकल विकली, तर तो ग्राहक आयोगाचा विषय होत नाही. म्हणून बिल घ्या, आणि त्यावर नळी, फ्रेम नंबर आणि टायरचं माप लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर तिथूनच परत फिरा.

नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन चालू झाला. सेहेचाळीस हजार परत आले, नाव न घेण्याच्या अटीसकट. उरलेले सहा हजार त्याने 'वापरल्याचे आणि रंग खरवडल्याचे' म्हणून कापले.