शनिवारचा रेट

युरो घेताना माझे ९६,७३१ रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात सध्या कुणी दोन लाख म्हणतंय, कुणी पाच.

मुलगी शिकायला जर्मनीला निघाली होती. सोबत २,००० युरो हवे होते. बँकेत विचारलं तर भाव ऐकून पोटात गोळा आला. तेवढ्यात ओळखीतून सयाजीगंजातल्या एका ऑफिसचा नंबर मिळाला. माणूस मराठी बोलणारा. "काकू, आपल्या माणसांकडून मी कमावत नाही. आरबीआय रेफरन्स रेट, वर फक्त २५ पैसे." म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नावाने ओळखला जाणारा रोजचा भाव. बडोद्यात कुणी असं मराठीत काकू म्हटलं की आपण विरघळतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आमच्याच गल्लीतल्या दोन घरांनी त्याच्याकडून डॉलर घेतले होते, त्यांना नीट मिळाले. मग मी संशय कशाला घेऊ?

शनिवारी सकाळी १०.४० ला व्हॉट्सॲपवर त्याचा स्क्रीनशॉट आला. 'आजचा रेट ९३.१२'. वरची तारीख कापलेली. तीस वर्षं हिशेबनिसी केलेली बाई मी, चष्मा लावून तो फोटो मोठा केला, पैसेसुद्धा तपासले, आणि शनिवार दिसला नाही! हा रेट शनिवारी-रविवारी निघतच नाही. कामाच्या दिवशीही तो येतो दुपारी दीडच्या सुमाराला, सकाळी पावणेअकराला नाही. जुलै २०१८ पासून तो रिझर्व्ह बँक स्वतः काढतही नाही, एफबीआयएल ही संस्था काढते. हे सगळं मला भाच्याने नंतर ऐकवलं. त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "मावशी, शनिवारी कुठून आला रेट?" तो प्रश्न अजून कानात आहे.

आणि हा रेट म्हणजे काय, तर बँका आपसात मोठाले सौदे करतात त्यांची सरासरी. त्या भावाने नोटा कुणी विकत नाही. नोटा आणायच्या, सांभाळायच्या, विमा काढायचा, ते पैसे कुठून येणार? मला वाटलं, मी हुशारी केली.

९३.३७ ने २,००० युरोचे झाले १,८६,७४०. वर 'जीएसटी' म्हणून १.८ टक्के, ३,३६१. आता ऐका. जीएसटीच्या नियमात करपात्र रक्कम म्हणजे विक्रीचा भाव आणि रेफरन्स रेट यांतला फरक. २५ पैसे गुणिले २,००० म्हणजे ५०० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ९० रुपये. दुसरी पद्धत रकमेच्या टप्प्यांची आहे, तिच्यानेही कर २५८ च्या वर जात नाही. ३,३६१ कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल फॉरेक्स कार्डासोबत, म्हणजे परदेशात वापरायच्या पैसे भरलेल्या कार्डासोबत, येईल. बिलाशिवाय एक युरोही घेऊ नका.

एक लाख रोख घेतले, ९०,१०१ ऑनलाइन, तेही ऑफिसच्या नव्हे, कुठल्याशा दुसऱ्याच नावाच्या खात्यावर. पन्नास हजारांच्या वर रोख घेऊन परकीय चलन विकता येत नाही. पासपोर्ट, पॅन, परकीय चलन घेताना भरायचा ए-टू फॉर्म, काही म्हणजे काही मागितलं नाही, आणि मी खूश, किती सुटसुटीत काम!

१,००० युरो हातात दिले, खरे होते. बाकीचे म्हणे फॉरेक्स कार्डात, "तिकडे उतरल्यावर चालू होईल". फ्रँकफर्टला पोरीने मशीनमध्ये कार्ड घातलं, शिल्लक शून्य. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद आणि ऑफिसला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, "ए तो भाडे हतो, बेन." म्हणजे तो नुसता भाड्याने होता.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "रोख का दिले?" जणू गुन्हा मीच केला. मग म्हणाले, हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ऑफिसात जाऊन स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, यात सायबर कुठे? परत ठाण्यात. साहेब बंदोबस्तावर. पाचव्या खेपेला अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही, नुसता शिक्का. कार्डावर ज्या बँकेचं नाव ती म्हणते, हे कार्ड कुणाच्या नावावर दिलेलंच नाही. पैसे ज्या खात्यात गेले तिथली बँक म्हणते, खातेदाराची माहिती देता येत नाही. म्हणजे त्याची गुप्तता जपायची आणि माझ्या पैशांचं काय? एका साहेबांनी तर शिकवलं, "शिकलेल्या लोकांनी सावध राहायला हवं." शिकलेली म्हणूनच सगळे कागद घेऊन आले ना तुमच्याकडे! ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात फोन करायचा असतो. मी नवव्या दिवशी केला.

परवानाधारक मनी चेंजरची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पैसे देण्याआधी बघा. मी नंतर पाहिली, त्याचं नाव नव्हतं.

गल्लीतली ती दोन घरं आता म्हणतात, आम्ही त्याला फारसं ओळखत नव्हतो. ह्यांना मी खरा आकडा कालच सांगितला. जेवले नाहीत. कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. तुमच्याकडेही असं न चालणारं कार्ड आलं असेल तर फेकू नका, मला सांगा. दोन अर्ज एकत्र गेले तर कदाचित सहाव्या खेपेला साहेब जागेवर सापडतील.